मागची गाडी

मी बरेच निरोपसमारंभ पाहिले आहेत. भाईंदर पूर्वेला गोडदेवजवळ आमची एक छोटी व्याख्यानमाला चालायची आणि तिची मी कार्यवाह होते, त्यामुळे ते पाहणं माझ्या कामाचाच भाग होता. निरोप घेणारा माणूस डोळे पुसतो, ‘आता नव्यांनी पुढे यावं’ असं म्हणतो, शाल पांघरतो आणि पुढच्या महिन्यात मार्गदर्शक म्हणून पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर येऊन बसतो. आमचे अध्यक्ष वर्तकसाहेब असे तीनदा निवृत्त झाले. तिसऱ्या वेळी मी शाल आणायला गेले तेव्हा दुकानदारानेच विचारलं, “मागच्यासारखीच ना?”

ज्याने एखादी गोष्ट खरोखर सोडली असा मला माहीत असलेला माणूस एकच, हिराजी भोईर. त्यांनी सोडलं ते पद नव्हतं. एक मध्यम आकाराची पिकअप गाडी होती आणि तिच्या मागे जोडलेलं जे काही असेल ते ओढून नेण्याचं काम होतं. पण ते सोडताना त्यांच्याकडे दुसरं काही उरणार नव्हतं, आणि हे त्यांना माहीत होतं.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं वीज जाण्याची होती. कुठल्या भागात किती वाजता अंधार होणार हे वर्तमानपत्रात छापून यायचं आणि तसंच व्हायचं. आमच्या गावात वेळेवर होणारी तेवढी एकच गोष्ट. पहिल्या वर्षी आमचे वक्ते ‘प्रकाशाच्या वाटा’ या विषयावर बोलत असताना दिवे गेले आणि श्रोत्यांनी ती संधी साधून घर गाठलं. दुसऱ्या वर्षी कार्यकारिणीने भाड्याने जनरेटर आणायचं ठरवलं. कोणीतरी राई गावच्या हिराजींचं नाव सांगितलं.

ते आले तेव्हा आधी गाडीच्या आरशांमुळे माझ्या लक्षात राहिले. पिकअपला दोन्ही बाजूंनी त्यांनी लोखंडी पट्ट्या वेल्ड करून घेतल्या होत्या आणि त्यांच्या टोकांना ट्रकचे मोठे आरसे लावले होते. समोरून पाहिलं तर गाडी कान टवकारल्यासारखी दिसायची. आतून उतरला तो साठीच्या आसपासचा, बुटका, रुंद खांद्यांचा माणूस. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खाकी पॅन्ट, पायात रबरी चप्पल. उतरल्याबरोबर त्यांनी सीटखालून जुनं वर्तमानपत्र काढलं, पान उलटून दोन मिनिटं वाचलं आणि मग त्याच पानाने आरसे पुसले. पुढे पाच वर्षं मी हे पाहत आले. न वाचता त्यांनी कधी कागद वापरला नाही.

गाडीच्या मागे दोन चाकांच्या ट्रॉलीवर जनरेटर होता. ट्रॉलीच्या पुढे एक लांब दांडा, दांड्याच्या टोकाला कडी, ती कडी गाडीच्या मागच्या हुकात अडकवलेली आणि वरून पिन. अशी ट्रॉली मागे घेणं हे काय प्रकरण असतं हे मला तोवर माहीत नव्हतं. मागे जाताना सगळं उलटं होतं. ट्रॉली डावीकडे न्यायची असेल तर स्टेअरिंग उजवीकडे फिरवावं लागतं, आणि ती वळू लागली की लगेच तिच्या मागोमाग जावं लागतं, नाहीतर गाडी आणि ट्रॉली चिमट्यासारख्या एकमेकींवर मिटतात. आणि हे सगळं आमच्या शाळेच्या फाटकातून करायचं होतं. ते फाटक बांधणाऱ्याच्या डोक्यात सायकलपेक्षा मोठं काही नसावं.

वर्तकसाहेब स्वाभाविकच पुढे झाले. सरकारी खात्यात त्यांनी तीस वर्षं लोकांना दिशा दाखवली होती.

“घ्या, घ्या. डावीकडे घ्या. अजून डावीकडे. अहो, तुमच्या डावीकडे.”

हिराजींनी इंजिन बंद केलं आणि खाली उतरून नम्रपणे म्हणाले, “साहेब, येक काम करू. तुमी चालवा, मी सांगतो.”

“मला कुठे येतं चालवायला?”

“मंग मना सांगू नका. आनि तिथं मागं नका उभं राहू. मना आरशात दिसाल अशा जागी रा. मना दिसला न्हाय तर माज्या लेखी तुमी न्हायतच.”

साहेबांना ‘तुम्ही नाहीतच’ असं त्या आवारात कोणी कधी म्हटलं नव्हतं. ते बाजूला झाले. ट्रॉली एका दमात आत गेली. दोन्ही खांबांना चार-चार बोटं जागा ठेवून.

त्यांचा एक नियम होता, आणि तो पाहायला मजा यायची. उभ्या असलेल्या ट्रॉलीला गाडी जोडताना ते गाडी मागे घ्यायचे, पण पूर्ण नाही. आधी उतरून जागा मोजायचे आणि मागच्या चाकामागे एक लाकडी ठोकळा ठेवायचे, अशा बेताने की हुक आणि कडी यांच्यात हातभर अंतर उरावं. चाक ठोकळ्याला टेकलं की इंजिन बंद, चावी खिशात. मग उतरून ट्रॉली हाताने ढकलत ते शेवटचं हातभर अंतर पुरं करायचे. एक टनाच्या आसपासचं ते धूड. सोबत दुबे असायचे. दुबे म्हणजे जनरेटर चालवणारे, चाळिशीचे, जौनपूरकडचे. त्यांचा दर वेळी तोच आक्षेप असायचा.

“काका, एक फुट तो है. गाडीसे ले लो ना. कमर टूटती है.”

“टूटने दो. कमर का दवा मिलता है.”

कमरेचं औषध मिळतं, मग कशाचं मिळत नाही, हे मी एकदा विचारलं. त्यांनी डावा हात पुढे केला. मधलं बोट अर्ध्यावर संपलं होतं. तरुणपणी मुर्ध्याच्या मिठागरावर ट्रॅक्टरला ट्रॉली जोडताना ते मध्ये उभे होते आणि ट्रॅक्टरवर त्यांचा थोरला भाऊ होता.

“भाऊ बोलला, दिसला न्हाय. तेवडंच बोलला. दुसऱ्या दिवशी परत ट्रॅक्टर घेऊन कामावर.”

“मग?”

“मंग काय, नंतर वीस वर्स चालवला त्यानं. मी येका ताटात जेवलो त्याच्यासंगं. बोटाचं कदी बोललो न्हाय, तो पन न्हाय बोलला.” मग म्हणाले, “बोलायला पायजे होता पन.”

मला ते पहिल्या दिवसापासून ‘बाय’ म्हणत. दादरहून भाईंदरला येऊन मला तेव्हा दहा वर्षं झाली होती. ऑफिसात मी मॅडम होते, सोसायटीत वहिनी. ‘बाय’ म्हणणारे ते एकटेच, आणि त्या हाकेत मी एकदम राईची होऊन जायची.

व्याख्यानं त्यांनी मागून ऐकली. जनरेटर ते मंचापासून लांब, शाळेच्या मागच्या भिंतीपाशी उभा करायचे, म्हणजे त्याचा आवाज वक्त्याला त्रास देत नसे. तिथे दगडावर बसून त्यांना वक्त्याचं किती ऐकू यायचं कोण जाणे. पण शेवटच्या, तिसऱ्या दिवशी सामान आवरताना ते अभिप्राय द्यायचे. त्यांची मोजपट्टी एकच होती. ट्रॉली भरताना वजन चाकांच्या जरा पुढे असावं लागतं, म्हणजे दांडा हुकावर थोडा दाबून बसतो. वजन मागे गेलं की दांडा वर उचलू पाहतो, ट्रॉली शेपटीसारखी हलते आणि पुढच्या गाडीलाच हलवते. हिराजीकाका निघण्याआधी दांडा दोन्ही हातांनी उचलून पाहायचे. उचलताना तोंडातून ‘हं’ निघाला तर ठीक. फुलासारखा उचलला गेला तर सगळं सामान पुन्हा उतरवायचं.

एका नामवंत वक्त्याबद्दल ते म्हणाले, “ह्यांचा समदा माल मागं भरलाय.”

“म्हणजे?”

“सुरुवातीला हलकं हलकं, हसवत गेला. वजनाचं समदं शेवटी काडलं. तवर लोकं हलाया लागली होती.”

समीक्षकांनी त्या गृहस्थांबद्दल पानंच्या पानं लिहिली आहेत. यापेक्षा नेमकं मी कुठे वाचलेलं नाही.

याच वजनापायी त्यांनी एका पुढाऱ्याला अडवून ठेवलं होतं. ती हकीकत मी दुबेंकडून ऐकली आणि मग स्वतः त्यांच्याकडून. दोघांत फरक इतकाच की दुबेंच्या सांगण्यात गर्दी दहापट होती. पुढाऱ्याचा वाढदिवस होता. कार्यकर्त्यांनी ट्रॉलीवर रथ उभारला होता, थर्माकोलचे हंस, सॅटिनचे पडदे, आणि एकदम मागे, सगळ्यांत उंच जागी, सिंहासन. साहेब लांबूनही दिसावेत म्हणून. सिंहासनाभोवती उभं राहण्याचा मान असलेले नऊ-दहा जण तिथेच मागे चढले. हिराजीकाकांनी दांड्याला हात लावला. दांडा त्यांच्या हाताची वाट न पाहता वर आला.

“सिंहासन पुढं घ्या,” ते म्हणाले.

“पुढे कसं घेणार? पुढे तुमच्या गाडीची मागची फळी आहे. साहेबांनी काय तिच्याकडे बघत बसायचं?”

“मंग मानसं उतरवा.”

“काका, ही जवळची माणसं आहेत.”

“तेच बोलतो मी. येवडी जवलची मानसं येका जागी न्हाय चालत. चढ आला का दांडा वर आनि साहेब रस्त्यावर.”

बँडवाले दोनदा वाजवून थांबले. कोणी म्हणालं दुसरा ड्रायव्हर बघा. दुसरा आला, त्यानेही दांडा उचलून पाहिला आणि निघून गेला. शेवटी तोडगा हिराजीकाकांनीच काढला. ओळखीच्या मिठागरावरून मिठाच्या गोणी आणल्या, रथाच्या पुढच्या भागात दोन थरांत रचल्या आणि वरून सॅटिन घातलं. मिरवणूक गावभर फिरली. सॅटिनखाली काय आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पुढे एवढं झाकून ठेवलं आहे म्हणजे काहीतरी देवाचंच असणार, असं वाटून बायका तिथे हळदकुंकू वाहत होत्या. एका म्हाताऱ्याने नारळ ठेवला. साहेबांना फुलं पडली ती उरलेली.

“मीठ म्हनजे लक्षुमीच ना,” हिराजीकाका सांगताना म्हणाले. “चुकीचं काय न्हाय केलं त्यांनी.”

काका येऊ लागल्याच्या चौथ्या वर्षी मला पहिल्यांदा जाणवलं. फाटकातून ट्रॉली घेताना ते आधी एकदा मान मागे वळवून पाहायचे, मग आरसे. त्या वर्षी त्यांनी मान वळवली नाही. कमरेपासून सगळं अंग वळवायचा प्रयत्न केला, अर्ध्यात सोडला आणि आरशांवर भिस्त ठेवून गाडी घेतली. खांबाला एका बाजूला चार बोटं जागा राहिली आणि दुसऱ्या बाजूला पत्रा घासला. बारीकसा ओरखडा. ते उतरले आणि बराच वेळ ओरखड्यावर बोट ठेवून उभे राहिले.

व्याख्यानमालेच्या पत्रिका द्यायला मी दर वर्षी राईला जायची. पाचव्या वर्षी गेले तेव्हा त्यांची बायको, गोमतीकाकू, माझ्याशी आतल्या खोलीतून बोलत होती, पण बोलणं ओटीवर बसलेल्या नवऱ्यासाठी होतं.

“डाक्तर बोलला मानंचे मनके झिजलंत. गाडी बंद करा बोलला. ह्यो काय बोलला त्याला, इचार.”

“काय बोललात काका?”

“मी इचारलं, डाक्तर, तुमाला ट्रॉली मागं घेता येती का?”

“आनि डाक्तर बोलला न्हाय येत,” काकू म्हणाली. “म्हनून ह्यो जिकला. घरी आला आनि देवाला पाया पडाया मान खाली जाईना.”

काका हसले, पण मला फाटकापर्यंत पोचवायला आले तेव्हा म्हणाले, “बाय, वडलांचा मिठाचा आगर गेला. भावानं वाटनी केली, जमीन गेली. पोरगी वसईला सासरी. मना लोकं वलखतात ती मागं घेनारा म्हनून. हे घर कोनचं, तर ट्रॉलीवाल्या हिराजीचं. गाडी बंद केली तर मी कोन? ओटीवरचा म्हातारा.”

डॉक्टरांचं ऐका असं मला, खरं सांगायचं तर, म्हणायचं नव्हतं. व्याख्यानमाला तीन आठवड्यांवर आली होती आणि त्या फाटकातून जनरेटर आत आणू शकणारा दुसरा माणूस मला ठाऊक नव्हता. त्या वर्षी मी स्वतःच एक व्यवस्था केली. गाडी मागे येताना मी त्यांना आरशात दिसेन अशी उभी राहायची आणि हाताने खुणा करायची. त्यांनी कधी मागितलं नाही, मी कधी बोलून दाखवलं नाही. दोघांनी मिळून एक गोष्ट झाकली होती आणि वरून ती मदत दिसत होती. त्यांची मान वळत नव्हती आणि त्या मानेच्या जागी मी उभी होते. माझ्यासारख्या, समारंभांतला पोकळपणा ओळखण्याचा अभिमान बाळगणाऱ्या बाईने हे अगदी सहज केलं.

त्याच पाचव्या वर्षी व्याख्यानमाला संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मैदान आवरणं चालू होतं. जनरेटर मागच्या भिंतीपाशी उभा होता, त्याला गाडी जोडायची होती. काकांनी नेहमीप्रमाणे आरसे पुसले, जागा मोजली, ठोकळा ठेवला आणि गाडीत जाऊन बसले. मी माझ्या जागी उभी राहिले. तेवढ्यात वर्तकसाहेबांनी मंचावरून हाक मारली. कार्यकारिणीचा फोटो राहिला होता, फोटोग्राफर निघायच्या घाईत होता. दुबे केबल गुंडाळत दुसऱ्या टोकाला होते. मी काकांना हाताने ‘थांबा’ अशी खूण केली आणि फोटोसाठी गेले. ती खूण त्यांनी ‘या’ अशी घेतली की त्यांना मी दिसलेच नाही, हे मला आजही माहीत नाही. मी विचारलं नाही.

मंचावरून गाडीचा आवाज ऐकला. वळून पाहिलं तर गाडी मागे जात होती आणि दांड्याच्या टोकाला पाठ टेकून शाळेची सफाई करणारी कमल जमिनीवर बसली होती. आदल्या दिवशीच्या हारांतला झेंडू निवडून ती पिशवीत भरत होती. दोन्ही आरशांच्या मधोमध, गाडीच्या बरोबर मागे. मी ओरडले. जनरेटरच्या भिंतीपर्यंत माझा आवाज गेला नाही.

गाडी थांबली. चाक ठोकळ्याला टेकलं होतं.

हुक आणि कमलच्या तोंडामध्ये वीतभर जागा होती. तिने वर पाहिलं आणि म्हणाली, “काका, जरा दम धरा. येवडी फुलं घेते.”

हिराजीकाका चावी खिशात टाकून नेहमीसारखे मागे आले, ट्रॉली ढकलण्यासाठी. तिथे त्यांनी तिला पाहिलं. मी तोवर धावत पोचले होते. त्यांनी चाकाकडे पाहिलं, ठोकळ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग खाली बसले, तिच्या समोर, जमिनीवर.

“कमल, तू इथं कवापासून हाईस?”

“आत्ताच बसले, तुमी गाडीत गेलात तवा. का?”

“मी गाडी मागं घेतली तवा तू हितंच होतीस. मना दिसली न्हायस तू.”

“मग काय झालं? लागलं कुठं?”

“लागलं न्हाय. पन मना दिसली न्हायस.” त्यांनी हात जोडले. “माजी चूक हाय. मान वलत न्हाय माजी, दीड वर्स झालं. मी कोनाला सांगितलं न्हाय.”

कमल लाजून गेली. तिच्यासमोर शाळेत कोणी हात जोडले नव्हते. “उठा हो काका,” ती म्हणाली, “लोक बघतात.” तिने पिशवीतला एक झेंडू काढून त्यांच्या हातात दिला, काय करावं हे न सुचून.

वर्तकसाहेब आले. काय झालं ते कळल्यावर त्यांनी निर्णय दिला, “काही झालं नाही ना? मग विषय संपला.” मीही मान डोलावली. मला विषय संपायलाच हवा होता, कारण त्यात माझा वाटा होता. काकांनी मात्र तो संपू दिला नाही. चहावाल्याला सांगितलं, शाळेच्या शिपायाला सांगितलं, जो समोर आला त्याला सांगितलं, आवाज न चढवता, एकाच वाक्यात. “आज कमल गाडीच्या मागं होती, मना दिसली न्हाय.” मी त्यांना म्हणाले, “काका, मी खूण करून गेले होते. चूक माझीही आहे.” ते म्हणाले, “तुजी चूक तू बग बाय. माजी मी बगतो.” त्यात राग नव्हता. पण ते वाक्य मला वर्षभर पुरलं.

त्या दिवशी त्यांनी गाडी घरी नेली नाही. दुबेंना चावी दिली आणि ते शेजारच्या सीटवर बसले. दुबेंना साधी गाडी चालवता यायची, ट्रॉलीसकट नाही, म्हणून दुसरा ड्रायव्हर मिळेपर्यंत ट्रॉली तीन दिवस शाळेतच राहिली. मग सुकलेल्या मिठागरावर त्यांनी दुबेंना महिनाभर शिकवलं. महिना संपला त्या दिवशी गाडी आणि ट्रॉली दुबेंच्या नावे केली आणि त्यानंतर त्या गाडीत ते बसले नाहीत.

कार्यकारिणीने ठराव केला की हिराजी भोईर यांचा सत्कार करावा. मी ठराव घेऊन गेले.

“कसला सत्कार?” त्यांनी विचारलं. “न दिसल्याचा?”

“इतक्या वर्षांच्या सेवेचा.”

“सेवा कसली. भाडं घेत होतो मी.”

ठराव मी परत आणला. शाल वाया गेली नाही. त्या वर्षी वर्तकसाहेब चौथ्यांदा निवृत्त झाले.

पुढच्या वर्षी पत्रिका द्यायला राईला गेले. हिराजीकाका ओटीवर बसलेले होते. बायकोने दिलेले वाल सोलत होते आणि वाईट सोलत होते. थकलेले वाटले नाहीत, पण माणूस जरा लहान झाल्यासारखा दिसत होता. पत्रिका वाचली, वक्त्यांची नावं वाचली, म्हणाले, “येतो ऐकाया. ह्या टायमाला पुढं बसून.” मग मला बसथांब्यापर्यंत सोडायला निघाले.

राईचा रस्ता तिथे अरुंद आहे. एका बाजूला घरं, दुसऱ्या बाजूला उतार आणि खाडीचं दलदलीचं खाजण. थांब्यापाशी पोचलो तर समोरून येणारी माझी बस अडून उभी होती, आणि तिच्या तोंडासमोर मोठ्या आरशांची ती पिकअप. मागच्या ट्रॉलीवर नवी फायबरची होडी होती, उत्तनकडे चाललेली. दुबे घामाघूम झाले होते. बस मागे जाणार नाही असं ड्रायव्हरने जाहीर केलं होतं, म्हणजे होडीसकट दुबेंनी मागे जायचं. ते तीनदा प्रयत्न करून चुकले होते. होडी उताराकडे तिरकी झाली होती. रस्त्यावरचा प्रत्येक जण हात हलवून काहीतरी सांगत होता.

कोणीतरी काकांना पाहिलं. “आले रं, हिराजी आले. काका, तुमी घ्या गाडी. दोन मिन्टाचं काम.” सगळी गर्दी वळली. दुबे गाडीतून उतरले, तिथपर्यंत आले आणि त्यांनी चावी पुढे केली.

“काका, आप ही निकाल दो. आपकी गाडी है.”

मी त्यांच्या अगदी शेजारी होते. त्यांचा उजवा हात उचलला गेला, हे मी पाहिलं. एक क्षण तो चावीच्या दिशेने गेला. मग त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसरा मनगटाशी घट्ट धरला. ओटीवरच्या म्हाताऱ्याला गावाने पुन्हा नाव दिलं होतं. लोक वाट पाहत होते.

“तुमारी गाडी है, दुबे,” ते म्हणाले. “बैठो अंदर. रुको.”

आणि ते बसच्या दाराशी गेले. हात अजून पाठीमागेच.

“डायवर, तुज्या मागं काय जोडलंय?”

“माझ्या मागे? काही नाही.”

“मंग तू जा मागं. त्याच्या मागं होडी हाय. देवलापाशी रस्ता रुंद हाय, पन्नास पावलं.”

ड्रायव्हरला यात वाद घालण्यासारखं काही सापडलं नाही. त्याने थोडा वेळ शोधलं. मग गिअर टाकला आणि बस मागे गेली, देवळाच्या मोकळ्या जागेपर्यंत. आम्ही मागोमाग चालत गेलो. मी बसमध्ये चढले आणि खिडकीशी बसले.

दुबेंनी होडी सरळ करून घेतली आणि हळूहळू पुढे आणली. काका रस्त्याच्या अगदी कडेला, गवतात उभे होते. हात आता सुटले होते. पिकअप त्यांच्यासमोरून गेली, मग होडी. जवळून चालली होती, पांढरी, कोरी, त्यांच्या छातीएवढ्या उंचीवरून. त्यांनी तळवा उघडून तिच्या कडेशी धरला, वीतभर अंतरावर, आणि होडी पूर्ण निघून जाईपर्यंत तसाच धरून ठेवला. तो तिला लागला नाही.